फोनमधलं ‘रेडिएशन डिटेक्टर’ अ‍ॅप नेमकं काय मोजतं?

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी आईला पोटाचा सीटी स्कॅन सांगितला. आदल्या रात्री तिने मला तिच्या फोनमधलं ‘रेडिएशन डिटेक्टर’ अ‍ॅप दाखवलं. फ्रीजच्या दाराजवळ फोन नेला की काटा थेट लाल! “घरातच एवढं आहे, तर त्या मशीनमध्ये किती असेल? मी नाही जात उद्या.”

मी आधी आकड्यापुढचं एकक बघितलं. मायक्रोटेस्ला. म्हणजे हे चुंबकीय क्षेत्र झालं. होकायंत्र चालावं म्हणून फोनमध्ये मॅग्नेटोमीटर असतो, ही अ‍ॅप्स त्याचाच आकडा दाखवतात. पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे आपल्याकडे तो कायम ४० च्या आसपास असतो. फ्रीजच्या दाराच्या रबरात चुंबकीय पट्टी असते, म्हणून तिथे काटा उडतो. एक्स-रेशी याचा काही संबंध नाही.

ज्या रेडिएशनला आई घाबरत होती, ते अणूतून इलेक्ट्रॉन उडवतं आणि त्यातून पेशीतला डीएनए तुटू शकतो. शरीराच्या दर किलोला किती ऊर्जा मिळाली, हे ग्रेमध्ये मोजतात: १ ग्रे म्हणजे किलोला १ ज्यूल. पण तेवढ्याच ऊर्जेचे अल्फा कण शरीरात गेले तर गॅमा किरणांपेक्षा नुकसान खूप जास्त, हिशोबात २० पट धरतात. शिवाय सगळे अवयव सारखे नाजूक नसतात. हे सगळं धरून जो आकडा येतो तो सीव्हर्ट. हे एकक फार मोठं आहे, त्यामुळे रोजच्या वापरात मिलिसीव्हर्ट.

खडक, हवेतला रेडॉन, अवकाशातून येणारे किरण आणि अन्न यांतून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. छातीचा एक्स-रे जास्तीत जास्त ०.१ च्या आसपास. पोटाचा सीटी साधारण ८ ते १०. एकदम १००० मिळाले तर उलट्या सुरू होतात, रक्तपेशी घटतात. ४००० ते ५००० एकदम मिळाले आणि उपचार नाहीत, तर निम्मे लोक वाचत नाहीत.

छोट्या डोसने कोणी लगेच आजारी पडत नाही, पण कॅन्सरची शक्यता किंचित वाढते. प्रचलित हिशोब १ सीव्हर्टला ५ टक्के, म्हणजे १० मिलिसीव्हर्टला साधारण २००० त एक. हा मोठ्या डोसवरून खाली ओढलेला अंदाज आहे, पण नियम त्यावरच बनतात.

आणि मोबाइलचं रेडिएशन? त्या लहरींत इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ताकद नसते, ऊतक थोडं गरम होतं. म्हणून तिथे एसएआर मोजतात, किलोला किती वॅट. भारतातली मर्यादा १.६. बऱ्याच फोनवर *#०७# डायल केलं की तुमच्या फोनचा आकडा दिसतो. त्याचे सीव्हर्ट करता येत नाहीत.

सकाळी आईने डॉक्टरांनाच विचारलं, “सोनोग्राफीवर नाही का भागणार?” सोनोग्राफीत हे रेडिएशन नसतंच, त्यामुळे प्रश्न अगदी बरोबर होता. पण त्यांना जे बघायचं होतं ते सोनोग्राफीत नीट दिसलं नसतं. मग ती गेली. स्कॅनच्या डोस रिपोर्टवर डीएलपी ५६० होता. पोटासाठी त्याला ०.०१५ ने गुणायचं: ८.४ मिलिसीव्हर्ट, निसर्गाकडून साडेतीन वर्षांत मिळतात तेवढे. रिपोर्ट तिने फाइलला लावला आणि अ‍ॅप मला काढून टाकायला लावलं.