वाफसा: मुठीतून मोबाइलवर

आजची गोष्ट सुरू होते मुरबाडमध्ये. मी डोंबिवलीची, पण मामाचं गाव तिकडे. कल्याणहून एसटी पकडली की पोचलोच. भात निघाला की मामा भेंडी लावतो, ठिबकवर. गेल्या महिन्यात गेले होते, तर रात्री जेवताना त्याचा फोन वाजला. स्क्रीन बघून म्हणाला, "आज पाणी नको म्हणतेय."

"कोण?"

"माती, अजून कोण!"

आता हे तीन शब्द, 'आज पाणी नको', आपल्याला साधे वाटतील. पण शेतीची लाइट बऱ्याचदा रात्री येते. म्हणजे बॅटरी घेऊन अंधारात बांधावरून जायचं, साप-विंचू बघत, आणि पंप चालू करायचा. हे तीन शब्द आले की मामाला निवांत झोप. ते मोबाइलवर यायला मात्र जवळपास शंभर वर्षं लागली. आजचा भाग त्याबद्दलच.

सुरुवात आपल्याच एका शब्दापासून करू: वाफसा. पाऊस पडून गेला किंवा पाणी दिलं, की जास्तीचं पाणी निथळतं. मग मातीत ओल राहते आणि हवाही. मुळांना दोन्ही लागतं. ही स्थिती म्हणजे वाफसा. माझे आजोबा तो कसा ओळखायचे? मूठभर माती दाबायची. गोळाच झाला नाही, तर कोरडी. हाताला चिकटली, तर पाणी जास्त. गोळा झाला आणि खाली टाकल्यावर फुटला, की वाफसा आला. एकदम भारी पद्धत! फक्त ती आजोबांच्या हातात होती. दुसऱ्याला ती आकड्यात सांगता यायची नाही.

तो आकडा शोधायचं काम 1920 आणि 30 च्या दशकांत अमेरिकेत झालं. विलर्ड गार्डनर आणि त्यांचा विद्यार्थी लॉरेन्झो रिचर्ड्स यांच्या संशोधनातून टेन्शिओमीटर पुढे आला. पाण्याने भरलेली नळी, खाली सच्छिद्र मातीचं टोक, वर काटा. जमीन कोरडी झाली की ती नळीतलं पाणी ओढते आणि काटा सरकतो. थोडक्यात, मुळांना पाणी घ्यायला किती जोर लावावा लागतोय, ते कळतं.

नंतर विजेचा उपयोग झाला. विद्युत क्षेत्राला एखादा पदार्थ किती प्रतिसाद देतो, याचा एक आकडा असतो. पाण्याचा तो 80 च्या आसपास, कोरड्या मातीचा 3 ते 5. एवढा फरक असल्यावर ओल लपणार कुठे? 1980 मध्ये कॅनडातल्या टॉप आणि सहकाऱ्यांनी या आकड्यावरून ओल काढायचं सूत्र मांडलं. आज बरेच सेन्सर याच गुणधर्मावर चालतात.

पण बघा, आकडा वाचायला बांधावर जावंच लागायचं. वायरलेस आलं ते इथे. 2000 नंतरच्या पहिल्या दशकात पवईच्या आयआयटी मुंबईत प्राध्यापक उदय देसाई यांच्या गटाने 'अ‍ॅग्रीसेन्स' तयार केलं आणि नाशिकच्या सुला वाइनयार्ड्समध्ये बसवलं. मातीतले सेन्सर रेडिओने एकमेकांशी बोलायचे, आणि माहिती जीपीआरएसने दूरच्या सर्व्हरवर जायची.

आता ठाण्याची मंडळी, कान टवकारा! त्याच काळात पोखरण रोड नंबर 2 वरच्या यंत्र पार्कमध्ये, टीसीएसच्या इनोव्हेशन लॅबमध्ये, 'एमकृषी' घडत होतं. शेतकरी साध्या मोबाइलवरून आपल्या भाषेत प्रश्न विचारायचा, फोटो पाठवायचा. तज्ज्ञासमोर तो प्रश्न आणि शेतातल्या सेन्सरची माहिती एकत्र यायची, आणि उत्तर परत फोनवर. 2008 मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलचा इनोव्हेशन पुरस्कार याला मिळाला. मला यातली मोठी गोष्ट वाटते ती ही, की नुसता आकडा शेतकऱ्याच्या काय कामाचा? 'पाणी द्या' किंवा 'थांबा' हे त्याच्या भाषेत कळायला हवं.

2024 मध्ये बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्टच्या तंत्राने उसाचे प्लॉट उभे केले. सेन्सर, उपग्रहाचे फोटो, हवामान सगळं एकत्र करून एआय सल्ला देतं.

मग मुठीची गरज संपली? मी मामाला हेच विचारलं. तो हसला. "अगं, सेन्सर लावला तेव्हा पहिले पंधरा दिवस तो माझ्याकडूनच शिकला." म्हणजे काय, तर रोज सकाळी मामा माती दाबून बघायचा, आणि ज्या दिवशी हात वाफसा म्हणाला, त्या दिवशीचा स्क्रीनवरचा आकडा वहीत लिहायचा. एकाच आकड्याचा अर्थ भारी काळ्या जमिनीत वेगळा आणि मुरमाड जमिनीत वेगळा. सेन्सर ठिबकच्या थेंबाखालीच पुरला, तर तो कायम 'ओलं' सांगणार. हे सगळं आधी कुणाला तरी ठाऊक असावं लागतं.

मामाची दोन्ही मुलं डोंबिवलीत नोकरी करतात. निघताना त्याने माझ्या हातात माती दिली. "सांग, वाफसा आहे का?" मी गोळा केला, खाली टाकला. तो अर्धवट फुटला. मला काहीच सांगता आलं नाही.

मामाने वहीत बघितलं, मग फोनमध्ये. म्हणाला, "उद्या सकाळी येईल. थांबतेस का?"

मी थांबले.