सुप्याची बुडालेली नावे

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका पूर्वी सुपे तालुका म्हणून ओळखला जाई. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर सुपे गाव वसले होते. काळी नदीवरील १०१ मीटर उंचीचे धरण १९८७ साली पूर्ण झाले आणि तालुक्याचे हे मुख्य ठाणे जलाशयाच्या तळाशी गेले. कचेऱ्या जोयड्यास आल्या. तालुक्याचे नावही पालटले. बुडालेल्या घरांची आणि जमिनींची मोजणी होते. शेतांच्या, वहाळांच्या, पाणवठ्यांच्या नावांची होत नसते.

नावांचा अर्थ लावणे मात्र वाटते तितके सोपे नाही. मराठी मुलखात शेतजमिनीस काळी आणि गावठाणास पांढरी म्हणत आले आहेत. ती जोडी आठवून या नद्यांचाही तसाच उलगडा करण्याचा मोह कोणासही व्हावा. पण नुसत्या नादसाम्याचा पुरावा लंगडाच. गणेशगुडी म्हणताच मराठी कानाला गुढी ऐकू येते. कानडीत गुडी म्हणजे देऊळ! गोव्याच्या सीमेवरील कॅसलरॉक तर आगगाडीच्या काळातले उघड इंग्रजी नाव. येथील कुणब्यांची बोली कोकणी, शेजार कानडीचा आणि मराठीचा. तेव्हा अर्थ सांगणाऱ्यास एकच भाषा येऊन भागत नाही.

सीमाभागात नावांवरून भाषांची भांडणे फार होतात. वास्तविक ळ आणि ड ही अक्षरे कानडीतही आहेत. उळवी हे चन्नबसवण्णांच्या समाधीचे क्षेत्र; कानडी यात्रेकरूंनी त्यातला ळ नीट सांभाळला आहे. नाव रोमन अक्षरांत गेले आणि तेथून देवनागरीत परतले की उळवीची उलवी होते आणि जोयड्याचे जोइदा. अपराध दोघा शेजाऱ्यांपैकी कोणाचाच नसतो.

आयर्लंडात हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उद्भवला. तेथील सरकारी मोजणीत साठ हजारांहून अधिक गाववस्त्यांची नावे इंग्रजीत उतरवावयाची होती. १८३० साली या खात्यात आलेला जॉन ओडोनोव्हन हा गेलिक भाषेचा पंडित गावोगाव हिंडला. वृद्धांच्या तोंडून उच्चार ऐकावा, जुन्या कागदांशी ताडून पाहावा, मग अर्थ ठरवावा, ही त्याची रीत. नकाशावर नावे इंग्रजी वळणाचीच छापली गेली; परंतु मूळ रूपे त्याच्या टिपणांत व पत्रांत उरली.

जोयड्यात अशा टिपणांत पुष्कळ सापडण्याजोगे आहे. कुमरी म्हणजे झाडी तोडून, जाळून केलेली फिरती शेती. इंग्रजी अमदानीत तिच्यावर निर्बंध आले. आज दाट रान असलेल्या एखाद्या उतारास कोणी म्हातारी कुमरी म्हणत असेल, तर तेथे कधी नाचणी पिकत होती काय, हे विचारण्यास तेवढा एक शब्द पुरतो.

सुप्याहून उठलेली अनेक कुटुंबे रामनगरला वसली. संगमाचे गाव ज्यांनी जाणतेपणी पाहिले, ती माणसे आता पन्नाशी-साठीच्या पुढे गेली आहेत. कोणत्या तुकड्यास काय म्हणत, गुरे कोणत्या उतारावर पाण्यास नेत, हे त्यांना अजून सांगता येते.