कालवा आधी, महाविद्यालय नंतर : बारामतीची विद्यानगरी

मे १९६२ ही तारीख छापलेला ‘हल्क’ या अमेरिकी चित्रकथेचा पहिला अंक वाळवंटात उघडतो. लष्करी तळ, गॅमा बॉम्ब, ब्रूस बॅनर नावाचा शास्त्रज्ञ आणि भोवती निर्मनुष्य रेताड प्रदेश. महामानवांच्या चित्रकथांत असे वाळवंट वारंवार भेटते. त्यात प्रयोगशाळा असतात, प्रसंगी अख्खे विद्यापीठनगरही उभे असते. मात्र तिथले विद्यार्थी कुठले पाणी पितात, हा प्रश्न एकाही चौकटीत उपस्थित होत नाही.

त्याच १९६२ साली पुणे जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, बारामतीत, तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय सुरू झाले. येथे मात्र पाण्याचा प्रश्न टाळून इतिहास सांगताच येत नाही.

बारामती-इंदापूर हे वाळवंट नव्हे, पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, बारामतीत, तो ६०० मिलिमीटरच्याही आत येतो, आणि तोही लहरी. माळरान, मुरूम आणि खाली काळा पाषाण, ही या भूमीची मूळ घडण.

शिवपूर्वकाळात या मुलखातील मोठी नावे होती सुपे आणि इंदापूर. ‘पुणे-सुपे’ ही जोडी शहाजीराजांच्या जहागिरीमुळे प्रत्येक मराठी वाचकाच्या कानावरून गेलेली आहे, तर इंदापुरात मालोजीराजांनी देह ठेवला. बारामतीला महत्त्व आले ते अठराव्या शतकात, बाबूजी नाईक जोशी या सावकार-सरदारामुळे. हे नाईक पेशव्यांचे सोयरे आणि धनकोही. १७४० मध्ये थोरल्या बाजीरावांच्या निधनानंतर रघूजी भोसल्यांनी पेशवेपदासाठी याच बाबूजींचे नाव पुढे केले होते. पेशवाई त्यांना मिळाली नाही, पण त्यांच्या आश्रयाला पन्हाळ्याचे मोरोपंत आले आणि १७९४ मध्ये मृत्यू येईपर्यंत कऱ्हाकाठीच राहिले. ‘आर्याभारत’ आणि ‘केकावली’ यांचा कर्ता बारामतीत नांदला, त्यामागे सावकारी पैसा होता. पंतांच्या प्रतिभेला याने उणेपणा येत नाही. मात्र विद्येला अन्न कोण पुरवते, हे इतिहासाने विचारायलाच हवे.

पुढचे अन्न कालव्याने पुरवले. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळल्यावर ब्रिटिश सरकारने नीरा डावा कालवा हाती घेतला. १८८५ च्या सुमारास त्यात पाणी खेळू लागले. या पाण्याचा साठा भोरजवळच्या भाटघर धरणात, म्हणजे सह्याद्रीच्या पावसात. थोडक्यात, पश्चिमेचा पाऊस पूर्वेकडे वाहून आणला गेला. हेतू दुष्काळनिवारणाचा होता. ज्वारी-बाजरी वाचावी, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात कालव्याकाठी उभा राहिला ऊस. सासवडकडील माळी बागायतदार जमिनी खंडाने घेऊन आले. गुऱ्हाळे पेटली आणि गुळाचा बाजार वाढला. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसवले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव आणि भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने आले.

महाविद्यालय आले ते यानंतर. शहरातील जैन समाजाच्या पुढाकाराने १९६१ मध्ये अनेकान्त एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी महाविद्यालयाचे वर्ग भरले. १९७२ मध्ये शरद पवार यांनी विद्या प्रतिष्ठानची स्थापना केली. आज ‘विद्यानगरी’ म्हणून ओळखला जाणारा परिसर त्या संस्थेचा. या घडामोडींचे श्रेय केवळ एका घराण्याला देणारे आणि केवळ त्याच घराण्याला दोष देणारे, दोघेही कालव्याची नव्वद वर्षे विसरतात. नेतृत्वाने पुष्कळ घडवले, हे खरेच. पण ज्या पेठेवर ते उभे राहिले ती पेठ पाण्याने आधीच श्रीमंत केली होती.

पाण्याची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. कालवा उताराने वाहतो. जी गावे त्याच्या वर, ती कोरडी राहिली. बारामती तालुक्याचे ‘बागायत’ आणि ‘जिरायत’ असे दोन भाग पडले, आणि ही दोन नावे आजही तिथल्या बोलण्यात गावाची ऐपत सांगतात. एकेकाळचे परगण्याचे ठिकाण सुपे जिरायतीत गेले. इंदापूर कालव्याच्या शेपटाला आले. वरच्यांच्या पाळ्या झाल्यावर जे उरेल ते ‘टेल’च्या शेतकऱ्याचे. इंदापूरच्या उत्तर सीमेवर भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, तेव्हा पळसदेवसारख्या गावांची जुनी वस्ती पाण्याखाली गेली. पाणी अखेर दाराशी आले, पण काहींच्या बाबतीत ते दार घेऊनच गेले.

जिरायत पट्ट्यातही प्रयत्न झाले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात पाझर तलावांची कामे निघाली. त्याच धडपडीतून अप्पासाहेब पवार यांच्या पुढाकाराने १९७१ मध्ये कृषी विकास प्रतिष्ठान उभे राहिले आणि ठिबक सिंचनाचे धडे शेतकऱ्यांपर्यंत गेले. तरीही जिरायत गावातल्या मुलाच्या दृष्टीने बारामतीचे महाविद्यालय म्हणजे अनेकदा पाण्याच्या रेषेपलीकडे जाण्याची वाट. कालवा शेतापर्यंत आला नाही, म्हणून एस.टी.च्या पासावर मूल कालव्यापर्यंत गेले.

चित्रकथांतील वाळवंटी प्रयोगशाळेच्या सर्वांत जवळ जाणारी वास्तू या कहाणीत २००९ मध्ये आली. त्या वर्षी माळेगाव खुर्दच्या ओसाड माळावर राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेची पायाभरणी झाली. दुष्काळ, उष्णता आणि खारावलेली जमीन पिकांना कशी सोसता येईल, हे तिथे अभ्यासले जाते. जागेवर माती जवळजवळ नव्हतीच. संशोधकांना आधी यंत्रांनी खडक फोडून झाडांसाठी मुळांपुरती जमीन तयार करावी लागली. सुप्याच्या बाजूची गावे मात्र जनाई-शिरसाई उपसा योजनेच्या आवर्तनाकडे डोळे लावून असतात. तिथे पाणी उताराने येत नाही, विजेच्या पंपांनी चढवावे लागते.