शाळेची घंटा आणि पोरांची झोप

यवतमाळात ऊन तापलं की शाळा सकाळची होते. ही रीत उन्हाने घालून दिली. घड्याळाची रीत मात्र इंग्रज अमदानीतली. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली. तिच्या हिशेबाने यवतमाळचा सूर्य सुमारे १७ मिनिटे मागे चालतो. म्हणजे सातची घंटा सूर्याच्या लेखी पावणेसातच्याही आधी होते!

किशोरवयात झोप मुळातच उशिरा येते आणि लागते आठ ते दहा तास. २०२४ साली राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असे सांगितले. दहावीची पोरं मात्र राहूनच गेली. उन्हाळ्यातली सकाळची शाळा टळणार नाही. पण हिवाळ्यात अंधारातच सायकल काढणाऱ्यांसाठी घंटा तासभर थांबली, तर बिघडलं काय?