क्षात्रजगद्गुरू

या शब्दाचा समास सोडवून बघा. 'जगद्गुरू' म्हणजे अख्ख्या जगाचा गुरू. मग त्याच्या आधी 'क्षात्र' कशाला? जगात क्षत्रिय सोडून बाकीचे येत नाहीत का? व्याकरणाच्या तासाला हा समास घातला असता तर मास्तरांनी तांबडी रेघ ओढली असती. पण हा शब्द व्याकरणासाठी जुळवलेलाच नव्हता. वीस वर्षांच्या एका भांडणातून तो जन्मला.

भांडण पंचगंगेच्या घाटावरचं. 1899 चा कार्तिक. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज पहाटे नदीवर स्नानाला जात. भटजी शेजारी उभे राहून मंत्र म्हणत. बरोबर असलेल्या संस्कृत पंडित राजारामशास्त्री भागवतांच्या कानांनी नेमकं हेरलं : मंत्र वेदातले नाहीत, पुराणातले आहेत. वेदोक्त मंत्र द्विजांसाठी आणि पुराणोक्त शूद्रांसाठी, अशी विभागणी होती. म्हणजे 1674 साली रायगडावर गागाभट्टांनी ज्या घराण्याला वेदोक्त अभिषेक केला, त्याच घराण्याचा छत्रपती कोल्हापुरात आपल्याच नदीत शूद्र ठरत होता! विचारल्यावर भटजींनी ते नाकारलंही नाही.

राजघराण्याचे पुरोहित असलेल्या राजोपाध्यांनाही वेदोक्त मान्य नव्हतं. महाराजांनी 1902 साली त्यांचं इनाम जप्त केलं. इंग्रज सरकारकडे केलेल्या अपिलांचा त्यांना उपयोग झाला नाही. त्याच वर्षी, महाराज विलायतेत असताना, मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या रिकाम्या जागा राखून ठेवणारा हुकूम निघाला. दोन्हींचं साल एकच आहे, हे विसरू नये.

तरीही एक प्रश्न उरलाच. मुंज, लग्न, श्राद्ध कुणी लावायचं? लोकांना विधी हवे होते. ते सोडा म्हणणं सोपं नव्हतं. म्हणून 1920 साली मराठा पुरोहित घडवण्यासाठी वैदिक विद्यालय निघालं आणि त्याच वर्षी बेनाडीचे तरुण, शिकलेले सदाशिवराव पाटील यांना 'क्षात्रजगद्गुरू' म्हणून गादीवर बसवण्यात आलं. शंकराचार्य ज्या शब्दाने मिरवत, तोच शब्द उचलला आणि वर आपला शिक्का मारला. यात थोडी खोडी होती, असं मला नेहमी वाटतं.

गादी मात्र नवी नव्हती. भुदरगड तालुक्यातल्या पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठाची ती गादी. दक्षिणेच्या मोहिमेआधी शिवाजी महाराज या अबोल साधूच्या दर्शनाला गेले होते, अशी परंपरा आहे. ज्याने तोंडच उघडलं नाही त्याच्या गादीवर मंत्रांच्या हक्काचा वारस बसवला गेला. युरोपात ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या जोसेफने 1782 च्या सुमारास नेमकं उलट केलं होतं. नुसतं ध्यान करणारे मठ समाजाच्या कामाचे नाहीत म्हणून त्याने ते बंद केले आणि त्यांची मालमत्ता दुसरीकडे वळवली. सुधारणा दोघांनाही हवी होती. एकाने गूढाला कुलूप लावलं, दुसऱ्याने त्याची किल्ली आपल्या माणसाच्या हाती दिली. आठव्या हेन्रीने 1534 साली पोपला बाजूला सारून स्वतःच इंग्लंडच्या चर्चचं प्रमुखपद घेतलं होतं. शाहूंनी स्वतः गुरू होण्याचा मोह टाळला, एवढं त्यांच्या पदरात टाकायला हवं.

खरी अडचण घरातूनच आली. देव आणि माणूस यांच्यात दलाल नको, हे सत्यशोधक समाजाचे संस्थापक जोतीराव फुले यांचं सांगणं. मग ब्राह्मण दलाल काढून मराठा दलाल आणायचा, यात सत्यशोधकाने कुठे टाळ्या वाजवायच्या? सत्यशोधक मंडळींतून हा आक्षेप उघडपणे घेतला गेला, आणि तो बिनतोड होता. महाराजांना उत्तर द्यायला वेळही फार मिळाला नाही. 6 मे 1922 ला ते गेले.

मौनीबुवांचं नाव पुढे वेगळ्याच वाटेने रुजलं. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी गारगोटीत ग्रामीण शिक्षणाची संस्था उभी केली, तिचं नाव श्री मौनी विद्यापीठ. पाटगाव आता मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं. मठातली समाधी अजून तिथेच आहे.