घरगुती ओव्हन : क्षमता, वीजखर्च आणि निवडीचे निकष

जवाहरनगर (जयपूर) : गोवऱ्यांच्या आरावर खमंग भाजली जाणारी बाटी ही राजस्थानी पाकपरंपरेची ओळख. मात्र जयपूरच्या राजापार्कलगतच्या जवाहरनगरसारख्या दाट वसाहतींत, जेथे अंगण नाही आणि धूर करण्यास मोकळी जागाही नाही, तेथे या भाजणीची जागा विजेच्या ओव्हनने घेतली आहे. महाराष्ट्रात दिवाळीपूर्वी नानकटाईचे डबे बेकरीच्या भट्टीवर नेण्याची प्रथाही याच कारणाने मागे पडत आहे. अशा वेळी ग्राहकासमोर दोन प्रश्न उभे राहतात : कोणता ओव्हन घ्यावा आणि त्याने विजेचे देयक किती वाढेल? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बव्हंशी साध्या अंकगणिताने मिळू शकतात.

तीन प्रकार, तीन तत्त्वे

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकारचे ओव्हन आढळतात. ‘ओटीजी’ म्हणजे वर व खाली विजेची कॉइल असलेली, भाजण्या-शेकण्यासाठी वापरली जाणारी पेटी. यातील उष्णता बाहेरून आत शिरते. त्यामुळे पदार्थाला खरपूस कवच येते.

मायक्रोवेव्हचे तत्त्व वेगळे आहे. त्यातील मॅग्नेट्रॉन २,४५० मेगाहर्ट्झ वारंवारतेच्या लहरी निर्माण करतो आणि त्या अन्नातील पाण्याचे रेणू हलवून ते तापवतात. अमेरिकी अभियंता पर्सी स्पेन्सर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रडार यंत्रणेवर काम करताना हा गुणधर्म हेरला आणि १९४७ मध्ये पहिला व्यावसायिक मायक्रोवेव्ह बाजारात आला. पदार्थाचा पृष्ठभाग शंभर अंशांच्या फारसा वर जात नसल्याने केवळ मायक्रोवेव्हवर बाटी वा नानकटाई खरपूस होत नाही.

तिसरा प्रकार ‘कन्व्हेक्शन’ ओव्हनचा. त्यात पंखा गरम हवा खेळती ठेवतो. त्यामुळे भाजणी एकसारखी होते आणि सांगितलेल्या तापमानापेक्षा साधारण २० अंश कमी ठेवूनही पदार्थ तयार होतो. एअर फ्रायर हे याच तत्त्वाचे लहान आकारातील रूप होय.

खर्चाचा हिशेब

एक हजार वॅटचे उपकरण तासभर अखंड चालले, तर एक युनिट वीज खर्च होते. ओव्हन मात्र अखंड वीज घेत नाही. ठरलेले तापमान गाठल्यावर थर्मोस्टॅट कॉइल बंद करतो आणि उष्णता उतरताच पुन्हा सुरू करतो.

उदाहरणादाखल १,५०० वॅटचा ओटीजी घेऊ. पहिली दहा मिनिटे तो पूर्ण शक्तीने तापल्यास पाव युनिट वीज लागते. पुढील ४० मिनिटांपैकी साठ टक्के वेळ कॉइल चालू राहिली, तर आणखी ०.६ युनिट. म्हणजे बाट्यांच्या एका घाण्याला सुमारे ०.८५ युनिट. सोयीसाठी युनिटचा दर सात रुपये धरल्यास हा खर्च सहा रुपयांच्या आसपास येतो. आठवड्यातून दोनदा वापर झाल्यास महिन्याला ५० रुपयांच्या आसपास, तर रोजच्या वापरात १८० रुपयांच्या घरात खर्च जाईल.

१,२०० वॅट वीज ओढणारा मायक्रोवेव्ह पाच मिनिटे चालल्यास ०.१ युनिट, म्हणजे सुमारे ७० पैसे लागतात. येथे एक बाब ध्यानात घ्यावी : खोक्यावर ठळक छापलेले ‘८०० वॅट’ हे अन्नाला मिळणाऱ्या शक्तीचे माप असते. भिंतीतून घेतली जाणारी वीज त्याहून बरीच अधिक असते आणि मीटर तीच मोजतो.

प्रत्यक्ष दर राजस्थान विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि जयपूर विद्युत वितरण निगम त्यानुसार आकारणी करते. घरगुती दर टप्प्यांनुसार असल्याने ओव्हनचा वाढीव वापर त्या घराच्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दराने मोजणे योग्य ठरते. वातानुकूलन यंत्रामुळे मे-जूनमध्ये हा टप्पा आधीच वर गेलेला असतो.

न दिसणारे खर्च

ओव्हनने घेतलेली जवळपास सर्व ऊर्जा अखेरीस स्वयंपाकघरात उष्णतारूपाने उतरते. ती बाहेर काढण्यासाठी वातानुकूलन यंत्राला, एका घाण्यामागे, साधारण पाव युनिट अधिक वीज लागू शकते. म्हणून जयपूरच्या उन्हाळ्यात भाजणी पहाटे अथवा रात्री उशिरा, दार बंद आणि खिडकी उघडी ठेवून करणे हिताचे. हिवाळ्यात हीच उष्णता घर उबदार ठेवते.

दुसरा खर्च घड्याळाचा. बंद स्थितीत दोन वॅट घेणारे उपकरण वर्षभरात सुमारे साडेसतरा युनिट वीज वापरते. इतक्या विजेत मायक्रोवेव्हवर पाच-पाच मिनिटांचे १७५ वेळा अन्न गरम करता येईल. भिंतीवरील बटण बंद करणे हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय.

विद्युतदाबाचा परिणाम

कॉइलची उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी २०० व्होल्ट मिळाल्यास १,५०० वॅटची कॉइल जेमतेम १,१३५ वॅट देते. पाककृतीतील वेळ पाळूनही बाटी आतून कच्ची राहण्यामागे अनेकदा हेच कारण असते. दोष पिठाचा नसतो. ओव्हनमधील तापमापक येथे उपयोगी पडतो, कारण बटणावरील अंश आणि आतील प्रत्यक्ष तापमान यांत बरेचदा अंतर असते.

सुरक्षेचा प्रश्न

दोन हजार वॅटचा ओव्हन सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. सहा अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा १,३८० वॅटच्या आसपास संपते. त्यामुळे अशा ओव्हनसाठी १६ अँपिअरचे स्वतंत्र, अर्थिंग असलेले सॉकेट आवश्यक ठरते. एक्स्टेंशन बोर्डवर ओव्हन आणि गीझर एकत्र चालवणे आगीस निमंत्रण ठरू शकते. घराचा मंजूर भारही तपासून घ्यावा.

खुणा व मानके

मायक्रोवेव्हसाठी भारतीय मानक ब्युरोकडील नोंदणी २०१२ च्या आदेशान्वये सक्तीची करण्यात आली. ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१९ मध्ये मायक्रोवेव्हसाठी ताऱ्यांची ऐच्छिक श्रेणी सुरू केली. ओटीजीच्या खोक्यावर मात्र असे तारे सहसा दिसत नाहीत, त्यामुळे तुलना ग्राहकालाच करावी लागते. युरोपात २०१५ पासून ओव्हनवर नव्या स्वरूपाची ऊर्जाश्रेणी छापली जाते. त्यासाठी पाण्यात भिजवलेली सच्छिद्र वीट ओव्हनमध्ये ठेवून तिचे तापमान ५५ अंशांनी वाढवण्यास किती वीज लागली, हे मोजतात.

खरेदीपूर्वी काय पाहावे

चार जणांच्या कुटुंबास बव्हंशी २५ ते ३० लिटरचा ओव्हन पुरतो. मोठी पोकळी तापवण्यात वीज वाया जाते. दाराची रबरी पट्टी घट्ट बसते का, आत दिवा आहे का, हे पाहावे. दिवा असल्यास दार वारंवार उघडावे लागत नाही आणि उष्णता टिकते. एक घाणा निघताच दुसरा लावल्यास पहिल्या तापवणीचे पाव युनिट वाचते. केवळ अन्न गरम करायचे असेल तर मायक्रोवेव्ह, वारंवार भाजायचे असेल तर ओटीजी आणि दोन्हींची गरज असून जागा कमी असेल तर कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह, अशी ढोबळ विभागणी करता येईल. एका घाण्याचा खर्च वातानुकूलन यंत्राच्या तासाभराच्या वापराहून सहसा कमीच असल्याने, उपकरणाच्या किमतीइतकेच महत्त्व योग्य आकार आणि सुरक्षित जोडणीला देणे श्रेयस्कर.