खिदमतगाराची सत्ता : ‘हिप्पोलित’मधील नवश्रीमंत

इश्तवान सेकेयदिग्दर्शित ‘हिप्पोलित, अ लाकाय’ (१९३१) हे हंगेरियन बोलपटाचे पहिले मोठे यश. इश्तवान झागोनच्या नाटकावरून कारोय नोतीने त्याची पटकथा रचली. मालवाहतुकीत पैसा मिळवलेल्या श्नायडरच्या घरी, पत्नीच्या प्रतिष्ठेच्या हव्यासापायी, उमरावाकडे सत्तावीस वर्षे चाकरी केलेला हिप्पोलित येतो. मग घरधन्याला रात्रीच्या जेवणासाठीही औपचारिक पोशाख चढवावा लागतो आणि आवडता कांदा ताटातून हद्दपार होतो.

‘नवश्रीमंतांची टवाळी’ हे या कृतीचे रूढ वर्णन अपुरे आहे. मोल्येरच्या ‘ल बुर्ज्वा जांतियोम’मध्ये (१६७०) जुर्दँला लुबाडणारा दोरांत स्वतः उमराव आहे, त्याला किमान पैशाची तरी गरज आहे! येथे उमरावशाहीच्या वतीने हुकूम सोडतो तो नोकर. धन्याचा दरारा त्याच्या चाकराच्या अंगी उरतो आणि पगार देणारा मालक त्यापुढे नमतो, ही विसंगती विनोदाचे खरे मूळ होय. द्यूला चोर्तोशने हिप्पोलितचा चेहरा जवळजवळ निर्विकार ठेवला. द्यूला कबोशच्या श्नायडरची अडखळती, कावरीबावरी देहबोली त्यामुळेच उठून दिसते.

या विसंगतीला तत्कालीन समाजरचनेचा आधार होता. १९२० नंतरचा हंगेरी हे राजा नसलेले राज्य होते आणि ॲडमिरल होर्ती त्याचा रीजंट. त्रिआनोच्या तहाने सुमारे दोन तृतीयांश भूभाग गेला, परंतु दर्जानुसार ‘नाज्शागोश’, ‘मेल्तोशागोश’ म्हणण्याची रीत टिकली. तिला कायद्याने मूठमाती मिळाली ती १९४७ मध्ये. १९३१ च्या जुलैत बँकांचे व्यवहार बंद ठेवावे लागले होते. अशा वर्षी पैशापेक्षा संबोधन अधिक टिकाऊ वाटले तर नवल नाही.

शेवटी श्नायडर हिप्पोलितला घालवून देतो. परंतु या विजयाला प्रबोधनाचा विजय समजणे भाबडेपणाचे ठरेल. जर्मन वळणाचे आडनाव असलेल्या या व्यापाऱ्याच्या वंशाविषयी कथानक मौन पाळते. पुढच्या दशकाअखेरीस राज्यव्यवस्थेने मात्र हाच प्रश्न कलावंतांना विचारला. १९३८ च्या कायद्याने चित्रपट व नाट्यव्यवसायातील ज्यूंचे प्रमाण वीस टक्क्यांवर आणले, १९३९ च्या कायद्याने ते आणखी घटवले. सेकेय अमेरिकेला गेला. कबोशही १९३९ मध्ये तिकडे गेला आणि १९४१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निधन पावला.